काशाने विकत घेतलेलं गाणं

काशा,

तुझा फोन माझ्यावर विश्वास ठेवत नाही. मीही त्याच्यावर कधी ठेवला नव्हता, तेव्हा आमची फिट्टंफाट आहे. पण काल तुझ्या प्राजूने तो माझ्या हातात दिला, तर तो आधी अंगठा मागायला लागला. माझा अंगठा त्याला चालेना. तुझा आता कुठून आणायचा? शेवटी प्राजूने बोटाने रेघ ओढून तो उघडला आणि म्हणाली, "काका, बाबांची गाणी काढा. तुमालाच म्हाईत कुठं काय ते."

मला काही माहीत नव्हतं. तू कधी हात लावू दिलास?

तू गेलास यावरही माझा अजून पुरता विश्वास बसलेला नाही. अ‍ॅम्प्लिफायरचा फ्यूज आणायला शहापूरला गेलेला माणूस दुकानाच्या पायरीवर बसतो काय आणि बसल्या जागी संपतो काय. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी विचारलं, कशावरून? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की तू असतास तर पोट धरून हसला असतास. किन्हवलीला तुला आणलं तेव्हा सगळे तोंडाकडे बघून रडत होते आणि मी तुझ्या पायांकडे बघत होतो. शाळेत असताना तू मेल्याचं सोंग करायचास तेव्हा उजव्या पायाचा अंगठा हलायचा. सरणापर्यंत मी वाट बघितली. हलला नाही.

माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. पेट्रोल पंपावर मी काट्यापेक्षा पोराच्या हाताकडे जास्त बघतो. कुणी आपणहून चहा पाजला तर मला घोट गोड लागत नाही. तू चारचौघांत म्हणायचास, "या जन्याला देवानं प्रसाद दिला ना, तरी पेढा फोडून आत बघल." लोक हसायचे, मीही हसायचो. पण आपला धंदा टिकला तो याच स्वभावावर, हे तू कधी कबूल केलं नाहीस. लग्नाच्या मांडवात दोन भोंगे आणि एक मिक्सर घेऊन जायचं, तर वीज कुठून येते, वायर कुणाच्या पायाखाली येते, नवरदेवाचा मामा शुद्धीत आहे का, हे बघायला एक संशयी माणूस लागतोच. तू हसून बोलायचास, मी हिंडून तपासायचो. शहापूरपासून मुरबाडपर्यंत लोक आपल्याला भाऊ समजायचे.

आपलं पहिलंच लग्न आठवतं? मी माईकसमोर उभा राहून तुला म्हणालो, वरणात पाणी वाढवलंय, मुद्दाम वाढवलंय. माईक चालू होता. सगळ्या मांडवाने ऐकलं. नवरीचा बाप वाढणं सोडून आपल्याकडे आला. तू त्याचे पाय धरलेस, मला पिकअपमागे नेलंस आणि म्हणालास, "माईकचा दिवा लाल दिसला की तोंडाला कुलूप. आयुष्यात दुसरं काय शिकू नको, एवढं शिक." मी शिकलो. तू तर आधीपासूनच पक्का होतास. चालू माईकजवळ तू खोकतसुद्धा नव्हतास.

मग तो मुरबाडकडचा गायक भेटला. आपण एका हळदीत त्याचीच गाणी वाजवत होतो, कुणाच्या तरी कॅसेटवरून उतरवलेली, आणि तो पाहुण्यांत बसला होता. उठून आला. भांडला नाही, तेच वाईट झालं. म्हणाला, "भाऊ, तुमी माझं गानं लय झ्याक वाजवता. पन माझी चूल काय त्याच्यावर पेटत नाय." तुझा चेहरा पडला. त्या दिवसापासून तू गाणं विकत घ्यायला लागलास. आधी सीडी, मग फोनमधल्या त्या दुकानातून. आख्ख्या किन्हवलीत गाण्याचे पैसे देणारा तू एकटाच. लोकांनी तुला वेडा ठरवलं आणि तू ते अंगाला लावून घेतलं नाहीस. याचा मला अभिमान वाटायचा. तो मी तुला कधी दाखवला नाही, कारण दाखवला असता तर तू आणखी चार गाणी विकत घेतली असतीस.

माझा संशय गाण्यावर नव्हता, काशा. त्या दुकानावर होता. दुकान म्हणावं तर त्याला फळी नाही, गल्ला नाही, समोर बसलेला माणूस नाही. बटणावर लिहिलंय 'विकत घ्या'. तू दाबायचास, पैसे जायचे आणि हातात काय यायचं? मी विचारायचो, हे गाणं तू मला देऊ शकतोस का? नाही. विकू शकतोस का? नाही. तुझ्यामागे प्राजूला? तेव्हा तू चिडायचास. "मागं-पुढं काय लावलंय? माझ्या नावावर हाय ते."

"नावावर असणं आणि आपलं असणं यात फरक आहे," मी म्हणायचो.

"मग तुझ्या शेताचा सातबारा कुठं हाय? तुझ्या खिशात हाय? तलाठ्याकडंच ना?"

"तलाठ्याचं कपाट जळालं तरी माझं खाचर तिथंच राहतं. पाय ठेवून बघता येतं. तुझ्या गाण्यावर पाय ठेवून दाखव."

यावर तू आवाज वाढवायचास. भोंग्याचा.

त्यातलं एक गाणं तू निराळं ठेवलं होतंस. त्याच गायकाचं. नवरीचा बाप हळद लावायला पुढे येतो, हात हळदीत बुडवतो आणि मग लेकीच्या गालाला लावायचं त्याचं धाडस होत नाही, असं ते गाणं. प्राजू तेव्हा शाळेत जात होती. तू माझ्यासमोर ते विकत घेतलंस आणि सांगितलंस, "हे हिच्या हळदीला. तोवर कुनाच्या मांडवात लावायचं नाय." आणि खरंच लावलं नाहीस. मोठमोठ्या पार्ट्यांनी फर्माईश केली, तू सरळ नाही म्हणालास. विकत घेतलेलं गाणं न वाजवता ठेवणारा साऊंडवाला मी दुसरा बघितला नाही.

सिद्धगडाच्या पायथ्याचं लग्न झालं आणि माझ्या संशयाला हाडं-मांस आलं. दुपारची हळद. गाणी फोनमध्ये उतरवलेली, तू सकाळी मला दाखवली होतीस. तिथे पोचलो तर फोनला रेंज नाही आणि गाणी उघडेनात. खरेदी तपासायची आहे, इंटरनेटला जोडा, एवढंच लिहून येत होतं आणि मध्ये एक गोल चक्र फिरत होतं. तू पिकअपच्या टपावर चढलास, हात वर केलास, मग झाडावर चढलास. खाली नवरी पाटावर, सगळी बायका-माणसं वर बघतायत. धवलारीण हिरूबाय, लग्नाची जुनी गाणी तोंडी म्हणणारी, आधीच दोन तास गाऊन दमली होती. तिने पदराने घाम पुसला आणि मोठ्यांदा म्हणाली, "उतर रे खाली बाला. तुमच्या पेटीनं तोंड मिटलं वाटतं. मी हाय बसलेली, मला नाय लागत कुनाला इचारायला." आणि तिने पुन्हा सुरू केलं. आपण दोघं बंद भोंग्यांच्या शेजारी मांडी घालून बसलो.

येताना सरळगावला मी बोललोच. आपल्याच घरात शिरायला रोज दुसऱ्याची किल्ली लागत असेल तर ते घर भाड्याचं असतं, असं म्हणालो. तू म्हणालास, "रेंज नव्हती रे. रेंजचा दोष गान्यावर कशाला?" आणि खिडकीतून बाहेर बघत बसलास.

त्याच आठवड्यात मी तुझ्या अंगणात येऊन ते हळदीचं गाणं उतरवून घ्यायला बसलो. मी साऊंडवाला, मला कळत नाही का, की फोनमधून मिक्सरला वायर लावली तर स्वच्छ आवाज मिळतो? पण मला वाटलं, वायर लावली की फोनला कळणार, फोन दुकानाला कळवणार आणि दुकान आहे तेही काढून घेणार. म्हणून तू उघडाच ठेवून आत गेलेला फोन मी भोंग्याला जोडून दिला आणि भोंग्यासमोर माईक उभा केला. माईकची वायर मिक्सरला, मिक्सरमध्ये पेनड्राइव्ह. हवेतून गेलेलं कुणाला कळत नाही, अशी माझी समजूत. या तालुक्यात असला मूर्खपणा करायला माझ्याइतका संशयी माणूस आणि तुझ्याइतका मोकळा मित्र, दोन्ही लागतात. तू घरातून तरातरा आलास, मध्येच काहीतरी ओरडलास, कोंबड्या उडाल्या, सगळं बिघडलं. मीही ओरडलो. पेनड्राइव्ह काढून वायरींच्या खोक्यात फेकला आणि जेवायला न थांबता निघालो. मंदावहिनी मागून हाका मारत होत्या. कोंबडीच शिजवली होती म्हणे.

त्यानंतर तू बदललास. कालपर्यंत मला कारण कळलं नव्हतं. फोन तू खिशातून काढायचास, गाणं लावायचास आणि लगेच परत खिशात. मी एखादं गाणं सुचवलं तर म्हणायचास, ते नको, आज मूड नाय. तुझा मूड? तू कधीपासून मूडवाला झालास? मला वाटलं, दुसऱ्या पार्टीशी तुझं काही शिजतंय. आसनगावच्या त्या नव्या साऊंडवाल्याच्या गाडीजवळ तू उभा दिसलास तेव्हा माझी खात्रीच पटली. मग वाटलं, आजारी आहेस आणि लपवतोयस. दोन्ही संशय मी उराशी घेऊन झोपत होतो, विचारत नव्हतो. विचारलं आणि तू खरं सांगितलंस तर काय करायचं, हे मला ठरवता येत नव्हतं.

काल फोन उघडला आणि तुझी चोरी सापडली. तुझ्या यादीतली निम्मी गाणी राखाडी पडलेली. नाव दिसतं, दाबलं की काही होत नाही. प्राजू म्हणाली, "बाबा सांगत होते, दुकानवाले एकेक करून काढतायत. काकाला सांगू नको म्हनाले. तो हसंल."

हसलोच असतो रे. तुला चांगला महिनाभर छळला असता. पण मग तुझ्याबरोबर त्यांना शिव्याही दिल्या असत्या, आणि शिव्या देण्यात माझा हात कुणी धरत नाही हे तुलाही मान्य होतं. माझ्यासमोर हरायला नको म्हणून एकटा हरत बसलास.

हळदीचं गाणंही राखाडी आहे.

परवा प्राजूची हळद आहे. बाप गेल्यावर लग्न वर्षाच्या आत केलं नाही तर तीन वर्षं थांबायचं, म्हणून थोरल्यांनी तू ठरवलेलीच तारीख ठेवली. वाजवणं-गाजवणं नको, घरचीच माणसं. वहिनी म्हणाल्या, फक्त ते एक गाणं लावा, त्यांचा शब्द होता. तेव्हाच प्राजूने तुझा फोन आणून दिला.

मी त्या दुकानाला फोन लावला. बराच वेळ वाजंत्री ऐकवून झाल्यावर एक बाई बोलायला आली. गोड बोलली, म्हणून मी आधीच सावध झालो. तिने तुझं नाव विचारलं. मी म्हणालो, ते वारले. ती म्हणाली, सर, ऐकून दुःख झालं. मग म्हणाली, त्या गाण्याचा कंपनीशी करार संपलाय. मी म्हणालो, माझ्या मित्राने विकत घेतलं होतं. ती म्हणाली, "सर, त्यांनी गाणं नव्हतं घेतलं. ऐकण्याचा परवाना घेतला होता. तो त्यांच्यापुरताच असतो. दुसऱ्या कुणाला देता येत नाही."

"वारसांना?"

"नाही सर."

काशा, तुझं खाचर वारस नोंदीने वहिनींच्या नावावर लागेल. पिकअप आपल्या दोघांची होती, तिचाही मार्ग निघेल. तुझी जुनी चप्पल कुणी घालायची म्हटली तर आडकाठी नाही. फक्त ज्याचे तू इमानाने पैसे मोजलेस, तेवढंच तुझं नव्हतं. आपल्या वादात मी जिंकलो तर कसं वाटेल याचा मी खूप वेळा विचार केला होता. फोन ठेवला आणि तुझ्या ओट्यावर बसून रडलो. मला जिंकायचं नव्हतं रे. तू मला खोटं पाडशील म्हणून तर मी बोलत होतो.

फुकटच्या व्हिडिओंत शोधलं. कुणीतरी टाकलेलं होतं, तेही काढून टाकलेलं. त्या गायकाला फोन लावला. घशाचं ऑपरेशन झालंय, कष्टाने बोलला. म्हणाला, "मी कधीच कंपनीला लिवून दिलं दादा. माझ्याकडं बी नाय ते." तू पैसे दिलेस, त्याने गायलं आणि दोघांच्याही हातात काही नाही. मग ते आहे तरी कुणाकडे, हे मी कुणाला विचारू?

तेव्हा मला खोका आठवला. पेनड्राइव्ह वायरींच्या तळाशी होता, गंज धरलेला. चालेल यावर माझा विश्वास नव्हता. मिक्सरला लावला, प्राजू पायरीवर बसली, वहिनी दारात उभ्या राहिल्या. आधी खरखर. मग ते गाणं, भोंग्यातून निघून हवेतून आलेलं, लांबच्या मांडवातून ऐकू यावं तसं. बाप हळदीत हात बुडवतो तिथवर आलं आणि कोंबड्या ओरडल्या आणि तू आलास.

"जना, बंद कर ते. आपलंच गानं आपनच चोरायचं व्हय? प्राजूच्या हळदीला लावायला मी हाय ना."

मग माझं ओरडणं, मग खट्ट.

वहिनी आत गेल्या. मी प्राजूला म्हणालो, कल्याणला एक ओळखीचा आहे, कॉम्प्युटरवर मधला आवाज काढून टाकतो, गाणं जमेल तेवढं साफ करून देतो, उद्या सकाळी जातो.

ती म्हणाली, "काका, गानं काढून टाका हवं तर. आवाजाला हात लावायचा नाय."

तेव्हा परवा हेच वाजणार. भोंगा एकच, आवाज बेताचा. चोरीचा माल आहे, तुझ्या हिशेबाने तरी. त्या गोड बाईच्या हिशेबानेही असेल. कुणी विचारायला आलं तर मी पुढे होईन, तू काळजी करू नकोस.

पण एक गोष्ट काल रात्रीपासून मला सोडत नाही. मी ते पुन्हा ऐकलं, नीट कान देऊन. तू लांबून ओरडलेला नाहीस. पहिला शब्द लांबून आहे, 'मी हाय ना' अगदी जवळून आहे, माईकच्या तोंडाशी. मी त्या वेळी कोंबड्या हाकलत होतो, माझं लक्ष नव्हतं. आणि तू, ज्याने मला दिवा लाल असताना तोंडाला कुलूप लावायला शिकवलं, जो चालू माईकजवळ जन्मात खोकला नाही, तो तू चार पावलं पुढे येऊन बोललास. दिवा लाल होता, काशा. मीच लावला होता.

तू मुद्दाम बोललास, असा माझा संशय आहे. हा एक संशय मी कुणाकडूनही खोटा पाडून घेणार नाही.